पिवळ्या पाट्या

"थांब, थांब! पिवळं काहीतरी गेलं!"

डेलबर्टने डॅशबोर्डवर थाप मारली तसा नोरीनने पिकअपचा वेग कमी केला. पाटीच होती. ‘दोन डोक्यांचा साप! न बघता गेलात तर पस्तावाल!’ कोणीतरी जाता जाता तिच्यावर बंदूकही चालवून बघितली होती.

"पपा, आत्ताच तर ते बुटाच्या आकाराचं घर पाहिलं. त्याआधी सिमेंटचा सरडा."

"सरडा बरा होता."

"तुम्हाला दिसला तरी का?"

"हिरवा होता ना?"

"गुलाबी."

"मग उन्हानं भाजला असेल बिचारा," सासरा म्हणाला आणि त्याने शेतकी दुकानातली टोपी डोक्यावर नीट बसवली.

सकाळी ते लॉर्ड्सबर्गहून निघाले होते. डेलबर्टच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते; दुसऱ्या दिवशी टूसॉनच्या इस्पितळात आधी उजव्या डोळ्यातला काढायचा होता. याच रस्त्यावर त्याने उभं आयुष्य ट्रक चालवला, पण असल्या तमाशांसाठी कधी ब्रेक दाबला नाही. लहानपणी त्या सरड्यासाठी आपण मागच्या काचेला नाक लावून कसे रडायचो, ते नोरीनचा नवरा वेस्ली हसत हसत सांगायचा. वेस्लीला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. नोरीन सासऱ्याच्याच घरात राहिली होती. आणि त्याच म्हाताऱ्याला आज नेमकं काही नीट दिसत नसताना सगळं बघायचं होतं.

नोरीनला मात्र एक गोष्ट सांगायची होती. घरी स्वयंपाकघरात सांगणं जमलं नाही, तेव्हा तिने ठरवलं होतं की गाडीत सांगायचं. गाडीत माणसाला समोर बघावं लागतं, एकमेकांच्या तोंडाकडे नाही. सरड्यापाशी तिने तोंड उघडलं आणि "पाणी हवंय का?" असं विचारलं. बुटाच्या घरापाशी "टोपी घाला" म्हणाली.

सापाचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड होती. पिस्ते सोलत बसलेल्या बाईने मानेनेच आतली खोली दाखवली. तिथे फळीवर वाळवलेला साप खिळे मारून बसवला होता. डेलबर्टने वाकून त्याच्या दोन्ही मानांवरून बोट फिरवलं.

"शिवलाय गं."

"हळू बोला, ती ऐकेल."

"ऐकू दे. टाका सुबक घातलाय."

बाहेर सावलीत बाक होता. दोघं थंड बाटल्या घेऊन बसली. समोर पांढरट माळावर धुळीची एक वावटळ उठली, थोडी चालली आणि आडवी झाली. त्यापलीकडे उतरंडीसारखे रचलेले गोल खडक उन्हात चमकत होते.

"टूसॉनपर्यंत आणखी पाट्या आहेत?" डेलबर्टने विचारलं.

"नसाव्यात."

"मग आता बोलून टाक की पोरी. मी अजून किती साप-सरडे बघायचे?"

नोरीनच्या हातातली बाटली गुडघ्यावर टेकली.

"कशाबद्दल?"

"वेस्ली गेला तेव्हापासून तुझं गुणगुणणं बंद होतं. या उन्हाळ्यात भांडी घासताना परत सुरू झालं. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत."

ती बाटलीवरचं ओलं लेबल नखाने सोलत राहिली. ट्रक गेला की बाक थरथरायचा. मग एकदम ती बोलायला लागली, मागचं पुढे आणि पुढचं मागे. तो डेमिंगच्या शाळेत शिकवतो, त्यानं नाताळात लग्न करू या म्हटलंय, अजून तिने हो म्हटलेलं नाही.

"का नाही म्हटलंस?"

"तुम्हाला टाकून कशी जाऊ?"

"मी काय भांडं आहे का टाकायला?" तो खेकसला. मग टोपी काढून त्याने कपाळ पुसलं, पुन्हा घातली. आवाज खाली आला. "वेस्लीच्या खोलीतलं काय हवं ते घेऊन जा. बाकी राहू दे तिथंच. रविवारी जेवायला मात्र यायचं."

"येऊ ना, पपा."

येईन नव्हे, येऊ. तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. तिने हळूच त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा माळाकडे बघत होता.

"नाव काय त्याचं?"

"एमेट."

"एमेट," त्याने ते तोंडात घोळवून बघितलं. "गाडी चालवतो?"

"चालवतो की."

"मग परवा त्यालाच बोलाव टूसॉनला. माझी पट्टी काढतील तेव्हा तू रडणार, आणि रडताना तुझ्याच्यानं गाडी चालवणं व्हायचं नाही."

नोरीन हसली आणि तिने मनगटाने नाक पुसलं. फोनला रेंज नव्हती. ती उठली आणि शेडशेजारच्या टेकाडावर चढू लागली, हात वर धरून, काटेरी झुडपं चुकवत. वरून तिने वळून पाहिलं. डेलबर्ट बाकावर आडवा वळून टेकाडाकडे तोंड करून बसला होता. तिथून त्याला ती हलत्या ठिपक्याएवढीच दिसत असणार.

फोन लागला.