सतरा नंबरचा बिल्ला

"भावजय असावी तर अशी," असं चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, तेव्हा त्यांची तोंडं शिवून टाकावीशी वाटतात मला. का, तर मी नणंदेची वेणी घालते, पाव कापून देते, बटणं लावते. सात वर्षं झाली. आता पाळकसाहेबांनी सांगितलं, रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून या सेवेबद्दल साक्ष द्या. झालं, दुष्काळात तेरावा महिना. डोंबलाची सेवा.

खरं काय ते सांगते. मी आणि ताई, म्हणजे माझी नणंद, एकाच लाँड्रीत होतो. तिथे चादरींना इस्त्री करणारे मोठाले तापलेले रूळ. ते पुसायला वाकायचं, तर आधी मशीन बंद करून आपल्या नंबरचा बिल्ला स्विचवर अडकवायचा, म्हणजे कुणी तो दाबणार नाही. ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा, हा नियम. त्या दिवशी चादरींचा ढीग छातीपर्यंत आलेला, आणि ताईंचा सतरा नंबर आपला लटकलेलाच. ताई कुठे दिसेनात. म्हटलं, विसरून गेल्या असतील चहाला, नेहमीचंच आहे यांचं. चिडून बिल्ला ओढला, एप्रनच्या खिशात टाकला आणि स्विच दाबला.

ताई रुळामागे वाकलेल्या होत्या. उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, बिल्ला होता का? घरात आम्ही दोघीच, आणि आता कमावणारी मी एकटी. "नव्हता," मी म्हणाले. ताईंना शुद्धीवर आल्यावर त्या सकाळचं काही आठवतच नव्हतं. वेंधळी म्हणून त्यांनाच काढून टाकलं. बिल्ला मी बटणांच्या डब्यात तळाशी दडवला.

तेही एक वेळ पचलं असतं. पण ताई रोज न्याहारीआधी डोळे मिटून म्हणतात, "प्रभू, माझ्या वेंधळेपणाची क्षमा कर." आणि समोर बसून मी म्हणते, "आमेन." रोज. दार सताड उघडं असतं, तरी त्या टेबलावरून मला उठता येत नाही. देवापासून पळून जाणार तरी कुठे?

रविवारी सकाळी पुन्हा तेच वाक्य. मी तोंड उघडलं, पण आमेन काही निघेना.

ताईंनी एक डोळा उघडला. "काय गं, न खाताच घास अडकला?"

मी उठले, डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. बटणांबरोबर बिल्लाही पडला. "ताई, तुम्ही लावला होता. मी काढला. आणि खोटं बोलले."

त्यांनी डाव्या हातानं तो उचलला. आकड्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिल्या.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. बोटं गेली तेव्हाही इतक्या रडल्या नव्हत्या. बोटांपेक्षा मोठं काय घेतलं होतं मी त्यांचं, ते तेव्हा कळलं मला. लाजेनं मेल्यासारखं झालं.

"मला क्षमा करा, ताई."

"मी सात वर्षं रोज मागत होते. तुला एका सकाळीत हवी?" त्यांनी नाक पुसलं. "चल, उशीर होतोय. साक्ष द्यायचीय ना तुला?"

त्यांनी बिल्ल्याची दोरी गळ्यात अडकवली आणि नेहमीसारखं मनगट पुढे केलं. मी बाहीची बटणं लावली. त्यांनी मनगट मागे घेतलं नाही. बायका बघतील म्हणून मी बिल्ला कोटाच्या आत सरकवायला गेले.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "ज्याचा बिल्ला, त्यानंच काढायचा."