अळणी पान

"नाना, तुमचं मौन देवासाठी आहे की माणसांसाठी?"

मंदाकिनीने एका दमात विचारून टाकलं आणि हातातला पंखा आणखी जोरात हलवला, जणू प्रश्न वाऱ्यानेच आत आला असावा. पाटावर बसलेल्या तिच्या वडिलांचा, दिगंबरभटांचा, घास हातातच राहिला. वाढायला वाकलेल्या आईने डोळे वटारले.

"मंदे! सोमवार सोडताहेत ते. जीभ आहे की कातर?"

"माझी नाही, मैत्रिणींची. फुगडीत हरले, म्हणून विचारावं लागलं."

हे अर्धंच खरं. पैज सगळ्यांची होती, पण प्रश्न आनंदीचा होता, आणि तो सांगताना बाकीच्या हसल्या, ती मात्र हसली नव्हती. "तुझ्याच्याने नाही व्हायचं," एवढं म्हणून तिने पाठ फिरवली होती. आनंदी दीनानाथांची मुलगी. उद्या दुपारी त्यांच्या घरची भांडी बैलगाडीत चढणार होती. पुणं सुटणार होतं.

नारायण पेठेतल्या सरदारांच्या मुदपाकखान्यात दिगंबरभट मुख्य आचारी, आणि त्यांच्या हाताखाली दीनानाथ आणि गोपाळकृष्ण. स्वयंपाक सोवळ्यातला. देवाला दाखवायच्या आधी चाखायची सोय नाही. म्हणून नानांनीच एक रीत घालून दिली होती: मीठ घालणाऱ्याने मोठ्याने "मीठ पडलं!" म्हणायचं, आणि बाकीच्यांनी "ऐकलं!" म्हणून साद द्यायची. मागच्या पडवीत आईबरोबर पत्रावळी लावताना मंदाकिनीचे कान त्याला इतके सरावले होते की घरी वरणात मीठ पडलं तरी तिच्या तोंडून "ऐकलं!" निघायचं.

आणि अशा मुदपाकखान्यात नारळी पौर्णिमेची आमटी खारट झाली! खारट म्हणजे कशी, तर एक पाहुणे हात धुता धुता म्हणाले, "आज समुद्राची पूजा, म्हणून समुद्रच वाढलात वाटतं." सरदारांचं तोंड उतरलं.

मीठ दोनदा पडलं होतं, हे उघड होतं. दीनानाथ म्हणाले, मी घातलं, पण ओरडून घातलं. गोपाळकृष्ण म्हणाला, मी हातसुद्धा लावला नाही. सरदारांच्या कारभाऱ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी चुलीकडे पाहिलं. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी चातुर्मास संपेपर्यंत मौन धरलं. मौन, आणि अळणी जेवण.

घराशेजारच्या, सदाशिव पेठेतल्या बायका त्यांना तपस्वी म्हणू लागल्या. मुदपाकखान्यात मात्र दोघे आचारी एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. गोपाळकृष्ण पाण्याच्या घागरीवरसुद्धा डोळा ठेवी. नानांनी भुवई उचलली की दोघांनाही वाटे, ती आपल्यावरच. शेवटी कारभारी कंटाळले. दोघांतला एक काढायचा, तर मीठ घातल्याचं जो कबूल करतो तोच काढू, म्हणाले. म्हणजे दीनानाथ.

मंदाकिनीचा संशय गोपाळकृष्णावर होता. आनंदीला ती तसं सांगूनही चुकली होती. पण आज पंखा हलवताना तिला वाटायला लागलं, हा माणूस तर शिंक आली तरी आधी वर्दी देणारा. तो गुपचूप मीठ घालेल? त्या दिवशी पडवीत तिने काय काय ऐकलं होतं? "मीठ पडलं!" एकदाच, दीनानाथांच्या आवाजात. त्यावर "ऐकलं!" तेही एकदाच, गोपाळकृष्णाचं. नानांची साद आलीच नव्हती. असतील कोठीघरात, म्हणून तिने पुढचं पान टाचायला घेतलं होतं.

कोठीघरातून परत आलेल्या माणसाला मीठ पडलेलं कसं कळणार? आणि ज्याने रीत घातली, त्याला "मीठ पडलं!" म्हणून ओरडायला कोण लावणार?

पंखा थांबला.

"मंदे, वारा घाल."

"आई, चातुर्मास तर आषाढीलाच लागला. नानांनी व्रत नारळी पौर्णिमेला का धरलं?"

"मनात आलं तेव्हा धरलं. तुला कशाला पंचायती?"

"आणि मीठच का सोडलं? गूळ का नाही? तूप का नाही?"

मिठाच्या वाडग्यावर आईने झाकण ठेवलं, इतकं हळू, की आवाज होऊ नये. मंदाकिनी त्या झाकणाकडे बघतच राहिली. म्हणजे आईलाही ठाऊक होतं!

नानांनी घास पानात परत ठेवला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे मीठ असायचं, तिथे नुसता हिरवा देठ होता. नाना अंगठा बोटांवर चोळत राहिले, काहीतरी चिकटून राहिल्यासारखा. यांच्या एका हाकेने पंगतीच्या पंगती उठायच्या आणि बसायच्या. पडवीतल्या सगळ्या बायकांत मंदाकिनी मान ताठ करून बसायची ती त्या आवाजावर.

"जेवा हो," आई हलकेच म्हणाली. "पोरीचं काय मनावर घेता."

मंदाकिनीने पंखा भिंतीला टेकवून ठेवला. परकराचा घोळ सावरून ती त्यांच्या पानासमोर बसली. छाती धडधडत होती, पण फुगडीत गरगरताना धडधडते तशी. पाय जमिनीवरच होते.

"आई, नाना, मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी, कारभारी यायच्या आत, मी मुदपाकखान्याच्या दारात येऊन उभी राहणार. तुम्ही त्यांच्यापुढे खरं बोललात, नाना, तर मी मौन धरीन."