नऊ नंबरच्या चिठ्ठ्या

सहनशीलता हा मनुष्याचा सर्वांत थोर गुण आहे, असं अनेक थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. त्यांना ते सांगणं सोपं गेलं, कारण सहन करणारं माणूस बहुधा शेजारच्या खोलीत काम करत होतं.

आमची नऊ नंबर, म्हणजे नवव्या मशीनवरची बाई, एका कारखान्यात शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवायची. एका लांब खोलीत चौदा मशीनं, चौदा बाया. प्रत्येकीकडे आपल्या नंबराच्या चिठ्ठ्यांचं पुडकं. कॉलर शिवून झाली की तिला एक चिठ्ठी टाचायची. संध्याकाळी तपासनीस बाई कॉलरी बघायच्या आणि वाकडी निघाली, की चिठ्ठीवर जो नंबर असेल त्या मशीनवर दोरीला लटकवायच्या, सगळ्यांना दिसेल अशी. महिन्यात पंचवीस लटकल्या की मशीन सोडून घरी जायचं. पद्धत अगदी सोपी होती. न्याय इतका सोपा असला की त्याला फसवणंही सोपं जातं.

नऊ नंबर ख्रिस्ती होती. तशा आणखीही दोघी-तिघी होत्या, पण ही डबा उघडण्याआधी डोळे मिटून हात जोडायची आणि शेवटी जरा मोठ्याने आमेन म्हणायची. म्हणून तिचं नाव आमेनबाई पडलं. तिला देवाचे आभार मानायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात तिच्या पुडक्यातल्या चार-दोन चिठ्ठ्या नाहीशा होत आणि खोलीतल्या वाकड्या, अनाथ कॉलरींना नऊ नंबरची आई मिळे.

"आमेनबाई, आज धुणं वाळत घातलंय का काय?" सहा नंबर दोरीकडे बघून विचारायची.

"चालायचंच," ही म्हणायची.

दुसरा गाल पुढे कर, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने तो इतकी वर्षं पुढे धरला होता, की तो गाल कारखान्याच्या मालकीचा आहे असं सगळ्यांना वाटू लागलं होतं.

महिन्याच्या विसाव्या दिवशी दोरीवर बावीस कॉलरी झाल्या. त्यातल्या चार तिने पुन्हा उलटून पाहिल्या. टोकाशी कापड वळवल्यावर एक टाका मागे घ्यायचा, ही खोड त्या खोलीत दोघींनाच होती. एक ती स्वतः. दुसरी बारा नंबर, तिची सख्खी धाकटी बहीण. आई गेल्यावर हिनेच तिला वाढवलं, जवळ बसवून मशीन शिकवलं आणि मालकाच्या विनवण्या करून इथे चिकटवलं.

ती घरी आली तेव्हा सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे गप्प बसलेलं माणूस त्यांना लगेच ओळखू येई.

"काय झालं?"

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणून डोळे एवढे सुजतात होय? बस इथे. सोल."

सोलता सोलता तिने सगळं सांगितलं. "परक्यांचं काही नाही हो. पण धाकटीने... मी तिच्या वेण्या घातल्यात, आई."

"तिला विचारलंस?"

"कशाला? प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय."

"सांगितलंय ना. पण त्याला धरून नेलं आणि एका शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा तो काय म्हणाला? म्हणाला, माझं चुकलं असेल तर दाखव, नसेल चुकलं तर मारलंस का? हात उचलला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पण विचारलं की नाही?"

"मला भीती वाटते."

"त्यालाही वाटली होती. धरायला आले त्याआधी बागेत प्रार्थना करताना घाम फुटला होता. म्हणून तर बळ त्याच्याकडे मागायचं. ज्याने कधी मार खाल्ला नाही, त्याला जाऊन काय सांगणार आपण? आणि टरफलं दाण्यांच्या भांड्यात टाकतेयस, बघ जरा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तपासनीस बाई खोलीतच होत्या. नऊ नंबरने डोळे मिटले, आमेन म्हटलं आणि डबा न उघडता उभी राहिली.

"या कॉलरी माझ्या नाहीत!"

तिने दोरीकडे बोट केलं.

"कुणाच्या आहेत ते मला टाके बघून कळतं. मी नाव घेणार नाही. पण माझं काय चुकलं तेवढं सांगा. आणि चुकलं नसेल, तर मला का मारताय?"

मग सहा नंबर उठली. "पाच माझ्या," खाली बघत म्हणाली. "ताई, चुकलं माझं." तिने आपल्या कॉलरी सोडवून घेतल्या. मग चार नंबर उठली, मग अकरा. बघता बघता दोरीपाशी गर्दी झाली! काहींना पश्चात्ताप झाला होता, काहींना आपणच मागे राहिलो असं दिसायला नको होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

दोरीवर चार उरल्या. उठायची राहिलेलीही एकच उरली.

"आणि या?" तपासनीस बाईंनी विचारलं.

बारा नंबर सुईत दोरा ओवत होती. "ताईच्याच असतील," ती मान वर न करता म्हणाली. "टोकाचा टाका तिचाच आहे. बघा ना."

नऊ नंबरने त्या चार कॉलरींकडे पाहिलं. कबूल केलं तर पुन्हा खोटं, आणि खरं सांगितलं तर बहीण घरी: तिच्या दोरीवर आधीच एकवीस होत्या.

"माझ्या नाहीत," ती म्हणाली. नाव मात्र तिने घेतलं नाही.

तपासनीस बाईंनी दोघींकडे पाहिलं आणि त्या चार कॉलरी चिठ्ठ्या काढून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवल्या. कुणालाच घरी जावं लागलं नाही.

"सगळ्या उठल्या, आई," संध्याकाळी ती म्हणाली. "माझीच उठली नाही."

चाळीस वर्षं सांगितलेल्या गोष्टींपैकी एकही सासूबाईंना तिथे उपयोगी पडेना. त्यांनी तिला नुसतं जवळ घेतलं. प्रार्थनेत तिने सहा नंबरसाठी मागितलं, चारसाठी, अकरासाठी. मग ती अडली. सासूबाई थांबून राहिल्या. शेवटी धाकटीचं नावही आलं, हुंदक्यांतून, पण आलं.

तर वाचकहो, बोध असा. क्षमा करायची म्हणजे दुसऱ्याच्या लबाडीवर आपली चिठ्ठी लावू द्यायची, असा तिचा अर्थ नाही. आपल्या घरात, कचेरीत, कुणाच्या तरी मुकाटपणावर आपलंही काम सरळ दिसत असेल, तर दोरीपाशी जाऊन आपलं आपण सोडवून घ्यावं. आणि मार आपल्याच वाट्याला येत असेल, तर ज्याने मार खाऊनही विचारलं आणि विचारूनही द्वेष केला नाही, त्याच्याकडे तेवढं बळ मागावं. ते मिळतं. गेलेलं माणूस परत मिळेल, असं वचन मात्र त्याने दिलेलं नाही.

बारा नंबर महिनाअखेरीस दुसऱ्या कारखान्यात गेली. ताईशी बोलत नाही. ताई रोज तिचं नाव घेते.

पुढच्या वर्षी शाळेने गणवेश बदलला. नव्या सदऱ्याला कॉलर नाही.