मुद्देमाल नंबर तीन

पहूरच्या, हंगामाआधी बंद असलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कोर्ट उभं राहिलं होतं, आणि काय सांगू तुम्हाला, खरं कोर्ट लाजेल असं! केळीचे क्रेट उलटे घातले, त्यावर प्लायवूड, त्यावर सागवानी रंग. झालं न्यायाधीशांचं आसन. प्रेक्षक म्हणून बसवायला बोलावलेले शेतकरी दारातच चपला काढत होते. एकाने तर रिकाम्या खुर्चीला हात जोडले. दिग्दर्शक ललितला हसू आलं. एवढं सगळं जमलं होतं, पण सिनेमाला शेवट नव्हता.

हो, शेवटच नव्हता! तीन वर्षं जीव टाकून केलेला खुनाचा सिनेमा. केळीच्या बागेत एका व्यापाऱ्याचा खून होतो, धर्मा नावाचा सालदार गडी पकडला जातो, त्याच्या सदऱ्यावर डाग सापडतात आणि गरीब बिचारा फाशीच्या दारात जाऊन उभा राहतो. धर्मा निर्दोष आहे हे ललितला ठाऊक होतं. पण ते कोर्टात सिद्ध कसं करायचं, ते काही केल्या सुचेना. त्याने धर्माच्या वकिलासाठी पाच पानी भाषण लिहिलं होतं. ते पाठ करताना वकील झालेला हितेंद्रच जांभया द्यायला लागला, मग लोकांची काय कथा! आणि उद्या सकाळी जिनिंगमध्ये कापूस येणार, जागा सोडावी लागणार. आज दिवस मावळेपर्यंत शेवट मिळाला तर ठीक, नाहीतर तीन वर्षं पाण्यात.

त्यात न्यायाधीश भटूनाना. हा माणूस धुळ्याच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचा पुकारा केला. आता स्वतः खुर्चीत बसला, तर रीतीला केसाएवढाही धक्का लागू देईना.

"मुद्देमाल असा उघडा ठेवतात का रे, ललित? कापडात बांध, लाखेचं सील मार. साक्षीदाराने शपथ घेतली की त्याच्यासमोर फुटेल. तोवर कोणी बघायचं नाही."

"नाना, सिनेमा आहे हो हा."

"म्हणून काय झालं? कोर्ट खोटं, म्हणून रीतही खोटी?"

नानांपुढे बोलायची कोणाची टाप? ललितने गुपचूप सील मारलं, वर 'मुद्देमाल नंबर तीन' असं लिहिलं. आतला सदरा त्याने घरच्या पेटीतून आणला होता. रंगभूषा करणाऱ्या नवीनने बिटाच्या रसाचं रक्त केलं होतं, पण ते जिलेबीच्या पाकासारखं दिसायचं. ललितच्या वडिलांच्या जुन्या सदऱ्यावर मात्र काळपट तपकिरी डाग होते, थेट वाळलेल्या रक्तासारखे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. जुनेर ते, त्यात विचारायचं काय, म्हणून त्याने आईला विचारलंसुद्धा नाही.

आणि साक्षीदार कोण, तर ती आईच! धुळ्याची नटी ऐनवेळी आली नाही, म्हणून कुंदाबाईंना पिंजऱ्यात उभं केलं. त्यांना घाबरून खोटी साक्ष देणारी बाई करायची होती आणि एकच वाक्य म्हणायचं होतं: "हो साहेब, हे रक्तच आहे." माहेर सोनगीरचं, पहूरला चाळीस वर्षं काढली तरी तोंडातला अहिराणी 'शे' काही सुटला नव्हता, पण हे वाक्य त्यांनी चुलीपुढे बसून घोकून घोकून पाठ केलं होतं.

दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला. कुंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि खरं तेच सांगेन अशी शपथ घेतली. देवासमोर घ्यावी तशीच. सील फुटलं. हितेंद्रने सदरा त्यांच्या हातात दिला.

"मावशी, नीट बघून सांगा. हे रक्तच आहे का?"

कुंदाबाईंनी सदरा जवळ घेतला, कॉलरवरून अंगठा फिरवला, उजव्या खांद्यावरचा डाग नाकाशी नेला. वाक्य विसरली वाटतं, असं समजून ललित 'कट' म्हणणार, तोच त्या बोलल्या.

"हाई रगत नही शे."

हितेंद्र जामनेरला विम्याची एजंटगिरी करतो. समोरच्याला बोलतं ठेवणं त्याच्या अंगात भिनलेलं. तो डगमगला नाही. "मग काय आहे, मावशी?"

"केयीना चीक शे, भाऊ. रगत धोईसन जास. चीक जास नही. किती वरीस घासं मी हाई कापड!"

बाकांवरचे शेतकरी एकदम उठले. "खरंय! केळीचा चीकच तो!" सगळे केळीवाले, प्रत्येकाच्या घरी असा एखादा सदरा. भटूनानांनी प्लायवूडवर तळहात आपटला तेव्हा कुठे शांतता झाली. ललितचा जन्म केळीत गेला आणि शेवट शोधत तो गावभर हिंडला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

हितेंद्रने सदरा उलटसुलट केला. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. "पण चीक उजव्याच खांद्यावर का? डावा कोरा कसा राहिला?"

कुंदाबाईंनी वकिलाकडे पाहिलंच नाही. त्या कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या ललितकडे बघत होत्या.

"उजवा खांदावर केयीना घड. डावा खांदावर मना पोऱ्या बसे. तेना शाळाना कपडाले चीक लागाले नको म्हनीसन."

आख्ख्या वर्गाच्या कपड्यांवर चिकाचे डाग असायचे, एकट्या ललितच्या नसायचे. त्याला वाटायचं, आपण टापटीप. आणि या टापटीप पोराने एकदा बापाला सांगितलं होतं, हा घाण सदरा घालून शाळेच्या फाटकाशी येत जाऊ नका. तेव्हापासून ते त्याला फाटकाच्या अलीकडेच निंबाच्या झाडाखाली उतरवून द्यायचे. हे आठवलं आणि ललितला भयंकर लाज वाटली.

नानांनी चष्मा काढून पुसला. "आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे," ते म्हणाले. आरोपी झालेला योगराज खरोखरच रडत होता. 'कट' म्हणायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, ललितच्याही नाही.

कुंदाबाई पिंजऱ्यातून ओशाळून म्हणाल्या, "मी चुकनू का रे? शपथ लिधी व्हती ना..."

ललितने मान हलवली, नाही म्हणून. कुंदाबाई सदऱ्याची घडी घालायला लागल्या, तशी नानांनी हात वर केला.

"थांबा, अक्का. मुद्देमाल असा नेता येत नाही. निकालानंतर वारसाला रीतसर परत द्यावा लागतो."

ते आसनावरून खाली उतरले, दारापाशी जाऊन उभे राहिले आणि तीस वर्षांच्या सवयीच्या त्या खणखणीत आवाजात त्यांनी पुकारा केला.

"ललित प्रेमराज पाटील, हाजिर होऽऽ!"

वडिलांच्या नावासकट आपलं नाव ऐकून ललित पुढे गेला. त्याने दोन्ही हातांनी सदरा घेतला आणि डाव्या खांद्यावर टाकला.