काळ्या रुमालातली दिमित्रा

"हिला काळं नेसवू नकोस गं पोरी. काळं काही खेळायला नसतं," कल्लिरोई बाईंच्या आई माझा झगा शिवता शिवता म्हणाल्या होत्या. बाई हसल्या. मीही मनात हसले. काळ्यात मी उठून दिसणार होते ना!

मित्रांनो, मी इलेफ्सीना गावच्या शाळेतली एक जुनी हातबाहुली आहे. ऑलिव्हच्या लाकडाचं डोकं, त्यावर काळा रुमाल आणि खाली नुसता कापडी झगा. मी दिमित्रा, ग्रीक पुराणातली पिकांची देवी. पाताळाच्या राजाने जिची लेक पळवली, ती आई. कल्लिरोई बाई मला हातात चढवून मुलांना भाषा शिकवायच्या. वाक्य एकच, 'माझी मुलगी कुठे आहे?' ते रागाने म्हणायचं, विनवून म्हणायचं. मग शब्द मागेपुढे करायचे, 'कुठे आहे माझी मुलगी?' की वाक्याचा जीवच बदलायचा. मुलं टाळ्या वाजवत आणि मी कौतुकाने फुलून जाई.

एकदा आसिमिनाची पाळी आली. ती कालिम्नोस बेटावरून नवीनच आली होती. तिला पोचवायला येणारी आई कायम काळ्या कपड्यांत असे. पण आमच्याकडे दुखवट्याच्या काळ्यातल्या बायका गल्लोगल्ली. कोणासाठी, हे कुणी विचारत नाही.

आसिमिना हलकेच म्हणाली, "माझी मुलगी कुठे आहे." ना चढ, ना उतार.

"अगं, मुलगी हरवलीय की चप्पल?" मागच्या बाकावरचा स्त्रातोस ओरडला. वर्ग खिदळला. बाईंनीही माझी मान डोलावली आणि तिचाच सपाट सूर काढून दाखवला. माझ्या तोंडून! "आता नीट म्हण बघू. आई कधी अशी बोलते का?"

"माझी आई अशीच बोलते," आसिमिना म्हणाली. "ताई बुडाल्यापासून. रोज, ताटं मांडताना."

बाईंनी मला हातातून काढून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आसिमिनाचा बाक रिकामा आहे. बाईंनी माझा काळा रुमाल सोडला आणि मला कपाटात ठेवलं. "उद्या जाते तिच्या घरी," असं त्या रोज पुटपुटतात, पण लाजेने पाऊल उचलत नाही. इथे धूळ बसते, कसर लागते, त्याचं मला काही नाही. लाकडाचे गाल लाल होत नाहीत, एवढंच बरं.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. तुमच्याही वर्गात कुणी असं सपाट बोलत असेल, किंवा हल्ली येतच नसेल. आज शाळा सुटली की त्याच्या-तिच्या दारापर्यंत जाऊन या. मला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.