बेटावरच्या मनगट्या

केशरबाई बेटावर कामाला आली ती काही रोजगारासाठी नाही. पण हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रात हे बेट. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. हजार वर्षांपूर्वी पुरलेली माणसं तिथं सापडली, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या हुमेरा मॅडमनी दोऱ्या बांधून चौकोनी खड्डे आखले होते. गावाला मात्र ते बेट वेगळ्याच कारणानं ठाऊक. दात न आलेलं लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत. इथं आणायचं, पुरायचं, वर मीठ. बाईमाणसानं मागं यायचं नाही.

केशरबाईची पोर चार महिन्यांची गेली. एकतीस वर्षं झाली त्याला. नवऱ्यानं उचलून नेली. जागा कुठली, ते त्यानं कधी सांगितलं नाही, हिनं कधी विचारलं नाही. आता तर तोही नाही.

पोर कुणाच्या फावड्याखाली येऊ नये. आलीच, तर आपण तिथं असावं. एवढ्यासाठी ती रोज सगळ्यांच्या आधी यायची.

"केशरआत्या, माती काढताय का तांदूळ निवडताय?" मुकादम श्रीमंत चिडवायचा. "सांजच्यापातुर एक पाटी तरी भरा की!"

"तू तुझं बघ, मेल्या."

त्या दिवशी तिच्याच ब्रशखाली गोल हाड लागलं. नारळाच्या वाटीएवढं. मग इवलंसं मनगट. मनगटाभोवती काळे मणी.

तिनं ब्रश टाकला. ती तशीच दोन्ही हात पसरून आडवी झाली.

"कुनी हात लावू नका! माझी हाय ती. ह्या मनगट्या म्या बांधल्यात!"

श्रीमंतनं मॅडमना हाक मारली.

हुमेरा मॅडम खड्ड्यात उतरल्या, तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. खड्ड्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं.

"मावशी, इथं बघा. नंतर कुणी वरून खणलं असतं, तर माती कापल्याची रेघ दिसली असती. हा थर अखंड आहे. हे बाळ हजार वर्षांपासून इथं आहे."

केशरबाईनं रेघ शोधली. परत परत शोधली. नव्हती.

"मनगट्या तर आमच्यावानीच हायत."

"हो."

"आन् दात?"

मॅडमनी वाकून जबडा पाहिला. "बाहेर आले नव्हते."

केशरबाईनं मण्यांवरची माती बोटानं पुसली. मग म्हणाली, "मंजी हिच्या आईलाबी कुनी इथवर येऊ दिलं नसंल."



फोटो झाले, मापं झाली. हाडं उचलायचं काम मॅडम कधीच कुणाला देत नसत. आज त्यांनी चारी बाजूंनी माती सोडवली, पाटीत कापूस अंथरला आणि बाजूला सरकल्या.

"तुम्ही घ्या."

केशरबाईनं मातीसकट ते लेकरू उचललं. एक हात पाठीखाली. दुसरा मानेखाली, अजून मान धरत नाही अशा बाळाला धरतात तसा.

पाटी झाकल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"उद्या कंचा खड्डा, श्रीमंता?"

"त्या बाभळीपासला, आत्या."

"मी आल्याबिगर फावडं लावायचं न्हाई."

"न्हाई लावत," श्रीमंत म्हणाला.