गाबोळी

“मनगट वाकवू नकोस, पेट!” केन काठावरून ओरडला, तोवर माझ्या गळाची दोरी मागच्या झाडात जाऊन बसली होती. पाचव्यांदा. या भागात सगळ्यांनाच पेट म्हणतात, त्यात लाडबीड काही नाही. तो उठला, दोरी सोडवली आणि परत स्टुलावर जाऊन बसला. सत्तरीचा माणूस. नवशिक्यांना सामन मासा धरायला शिकवायचा हाच त्याचा धंदा, त्यामुळे वैतागायची सोय नव्हती.

मी बासष्ट वर्षांची बाई, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडातल्या टाइन नदीत मांड्यांपर्यंत उभी. अंगात छातीपर्यंत येणारा रबरी पायजमा, तोही केनच्या मुलाचा. पोस्टात गळाचं लायसन्स काढलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं होतं, “नवऱ्यासाठी का?” म्हटलं, “हो बाई, नवऱ्यासाठीच.”

आमच्या ह्यांना, म्हणजे चंद्रशेखरना, जुलैत स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. गिळता येतं, पण गिळायचं नाही. पेज, मऊ भात, कस्टर्ड, काय वाटेल ते चमच्याने पुढे करा, तोंड भिंतीकडे. तीन महिन्यांत अंगावरचं मांस उतरलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत खायला लागले नाहीत तर पोटात नळी घालू. मी न्यूकॅसलला एकतीस वर्षं मिडवाइफ होते. नळी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. जेवणाच्या नावाने पिशवी टांगायची. आणि कुणाला, तर वेंगुर्ल्याच्या माणसाला!

तर मंगळवारी ह्यांनी माझ्याकडे बघून एकच शब्द काढला, “गाबोळी.”

तीन महिन्यांत मागितलेली पहिली वस्तू. मासळीच्या पोटातली अंडी, हळद-तिखट लावून तव्यावर परतलेली. सुपरमार्केटातला मासा पोट साफ करूनच येतो, तिथे कुठली गाबोळी? धक्क्यावरचा मासेवाला म्हणाला, कॉडची मिळेल, पण जानेवारीत. सोमवार काही जानेवारीपर्यंत थांबणार नव्हता. जाता जाता तोच म्हणाला, आत्ता अंडी फक्त नदीतल्या सामनच्या पोटात. समुद्रातून अंडी घालायला वर चढतात ना त्या. झालं. मी केनला फोन केला.

“आई, तू मॅड झालास का? फिशिंग? यू?” आमची पूर्वी म्हणाली. लेक इथेच जन्मली; तिचं मराठी प्रेमळ आहे, मुलगा-मुलगी तेवढं बघत नाही. पण तिने सुट्टी घेतली आणि बाबांजवळ बसली.

दुपारनंतर हात आपोआप चालू लागला. गळ फेकायचा, प्रवाह नेईल तशी दोरी जाऊ द्यायची, एक पाऊल खाली सरकायचं, परत फेकायचा. खांदा भरून आला. पायांना बोटं आहेत की नाहीत तेही कळेना. घरी जावं आणि पडून राहावं, इतकंच डोक्यात होतं. आणि दोरीला ओढ बसली, कुणीतरी मागून पदर धरावा तशी.

“ओढू नकोस! घाई नको, तिची ती येऊ दे!” केन धावत पाण्यात शिरला.

अरे देवा, हेच तर मी एकतीस वर्षं सांगत आले, बाळंतिणींना आणि त्याहून जास्त नव्या डॉक्टरांना. वीस मिनिटं लागली. केनने जाळ्यात घेतली, पण पाण्याबाहेर काढली नाही. हातभर लांब, तांबूस-काळी. मी पोटाखाली हात घातला. भरलेलं, मऊ, आतलं सगळं सुटं झालेलं.

“आहे! गाबोळी आहे!” मी मराठीतच ओरडले. मग इंग्रजीत सांगितलं.

“म्हणूनच सोडायची,” केन म्हणाला. “अंड्यांवर आलेली मादी ठेवता येत नाही. कायदाच आहे.”

आणि मी आलेली नेमकी अंड्यांसाठीच. मी त्याला सगळं सांगितलं. स्ट्रोक, भिंत, सोमवार, सगळं. त्याने ऐकून घेतलं, बाहीने नाक पुसलं. “चहाचा फ्लास्क गाडीत राहिला,” तो म्हणाला. “पाच-दहा मिनिटं लागतील मला.” आणि जाळं माझ्या हातात देऊन, पाठ फिरवून चढण चढू लागला. मासा मारायचा लाकडी दांडका काठावरच ठेवून गेला.

भला माणूस. असा भलेपणा नेमका आपल्याच गळ्यात पडतो.

शपथेवर सांगते, माझा हात दांडक्याकडे गेला होता. आमच्या घरी नारळीपुनवेपर्यंत होडी पाण्यात जात नसे, मासळी पोटुशी असते म्हणून. वडील ते दिवस सुक्या बांगड्यावर काढायचे. पण म्हणून गाबोळी खाल्ली नाही असं थोडंच आहे? चाटूनपुसून खाल्ली. ती बाजारातून मेलेली यायची, एवढंच. ही माझ्या हातात कल्ले हलवत होती. दोन नारिंगी दाणे निसटून माझ्या तळव्यावर आले. मला ह्यांचा असा राग आला! अडतीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट मागितलीत, आणि तीही ही?

माझ्याने होईना. केनने सकाळी दाखवलं होतं तसं तिचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं. तिच्या अंगात पुन्हा जोर यायला किती वेळ लागला कोण जाणे. मग शेपटीचा एक फटका मारून गेली. केन आला, रिकामं जाळं बघितलं आणि चहा ओतला.

घरी पोचले तेव्हा पूर्वी दारातच म्हणाली, “बाबांनी काहीच नाही खाल्ली.”

मी कोटासकट आत गेले. “अहो, मिळाली होती. भरून गाबोळी होती. सोडून दिली. माझ्याने मारवेना, आता काय बोलायचं ते बोला.”

ह्यांच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी यायला लागलं. मलाही रडू फुटलं. ह्यांचा गाल पुसायला हात पुढे केला, तर डाव्या हाताने मनगट पकडलं. वाटलं, झिडकारणार. पण ह्यांनी माझा तळवा नाकाशी नेला. डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग आणखी एक. नाकपुड्या फुलल्या, ओठ किंचित उघडले.

पूर्वी धावत पेजेची वाटी घेऊन आली. चमचा ओठांना लागताच तोंड घट्ट मिटलं आणि पुन्हा माझ्या हातात शिरलं. सोमवारी नळी घालावीच लागणार, हे ह्यांना आणि मला दोघांनाही कळलं. वाकून वाकून माझी पाठ दुखायला लागली होती.

“आई, आधी हात धू ना,” पूर्वी म्हणाली. “वास येते.”

“राहू दे गं आज,” मी म्हटलं.